पौषातला तह

राष्ट्रांच्या इतिहासात युद्धाच्या दिवसापेक्षा तहाचा दिवस मोठा असतो. युद्ध कोणीही सुरू करू शकतो. तह करायला शहाणी माणसं लागतात.

हे वाक्य माझं नाही. आमच्या प्राचार्यांनी ते कॉलेजच्या व्हरांड्यात, पाण्याच्या माठाशेजारी उभं राहून म्हटलं होतं. ज्या दोन राष्ट्रांविषयी ते बोलत होते त्यांतलं एक बी.ए. भाग दोनच्या वर्गात वसलेलं होतं. दुसरं सायकल स्टँडला लागून असलेल्या खोलीत होतं. त्या खोलीचं छप्पर गळत असे, त्यामुळे पावसाळ्यात अख्ख्या राष्ट्राला वाचनालयात आश्रय घ्यावा लागला होता.

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. लोकशाही परत आली होती आणि आता तिचं नेमकं काय करायचं, हे पुष्कळांना कळत नव्हतं. आमच्या प्राचार्यांना कळलं होतं. दिल्लीला कसल्याशा शिबिराला जाऊन ते एक सायक्लोस्टाइल केलेली पुस्तिका घेऊन आले होते. तीत एक खेळ होता. विद्यार्थ्यांनी दोन राष्ट्रं व्हायचं, राष्ट्राध्यक्ष निवडायचे, मंत्रिमंडळं बनवायची, महिन्याला एक लिफाफा फोडायचा. त्यात दुष्काळ निघेल, खाण कोसळेल, सीमेवर कुरबूर होईल. आणि त्यातून वाटाघाटींनी मार्ग काढायचा. पुस्तिका इंग्रजीत होती. ती मराठीत आणायचं आणि खेळाचा महासचिव व्हायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी राज्यशास्त्र शिकवत असे आणि नाही म्हणायला अजून शिकलो नव्हतो.

भंडारा जिल्ह्यातल्या त्या तालुक्याच्या गावी मला सहा वर्षं झाली होती. राइस मिलच्या मागे माझी खोली होती. धानाच्या हंगामात मिल सुरू झाली की कोंडा हवेत तरंगायचा आणि माझ्या पुस्तकांवर, चहावर, उशीवर एक पातळ पिवळट थर बसायचा. पत्नी नागपूरला शाळेत शिकवत होती. चार वर्षांची मुलगी तिच्याजवळ. मी शनिवारी दुपारच्या एस.टी.ने जायचो आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परतायचो. बाबा हा प्रकार शनिवारी येतो, अशी मुलीची समजूत होती. जसा बुधवारी बाजार येतो.

त्या वर्षी दिवाळीनंतर नागपूरच्या एका कॉलेजातून मला नेमणुकीचं पत्र आलं. आमच्या घरापासून ते कॉलेज सायकलने बारा मिनिटांवर होतं. हे मला ठाऊक होतं, कारण मुलाखतीनंतरच्या रविवारी मी ते अंतर घड्याळ लावून कापून पाहिलं होतं, जाताना आणि येतानाही. पत्रात दोन अटी होत्या. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी कार्यालय बंद होण्याच्या आत रुजू व्हायचं. आणि सध्याच्या कॉलेजचं कार्यमुक्तीचं पत्र सोबत आणायचं. त्याशिवाय रुजू करून घेतलं जाणार नाही.

मी पत्र घेऊन प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि माझ्याकडे दुःखाने पाहिलं.

“अभिनंदन,” ते म्हणाले. “पण तहाचं काय?”

“तह विद्यार्थी करतील, सर.”

“तुम्ही महासचिव आहात. नियम सतरा काय सांगतो?”

नियम सतरा मीच भाषांतरित केला होता. तहाची प्रक्रिया सुरू झाल्यापासून दोन्ही सभागृहांचं अनुसमर्थन मिळेपर्यंत महासचिव बदलता येत नाही. ‘अनुसमर्थन’ हा शब्द शोधायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली होती.

“तह मंजूर करून घ्या,” प्राचार्य म्हणाले. “ज्या क्षणी मंजूर होईल त्या क्षणी, त्याच टेबलावर, मी तुमच्या पत्रावर सही करतो. हा माझा शब्द.”

शब्द देताना ते उभे राहिले. मलाही उभं राहावं लागलं. दोन महिने हातात होते, काम एका तासाचं होतं. मी आनंदाने बाहेर पडलो.

तह मीच लिहिला होता. चौदा कलमं होती. आमच्या दोन राष्ट्रांना प्राचार्यांनी भारदस्त नावं दिली होती. विद्यार्थी त्यांना धानवाले आणि खाणवाले म्हणत. धानवाल्यांनी दरवर्षी तांदूळ द्यायचा, खाणवाल्यांनी मॅंगनीज द्यायचं, हे दुसरं कलम. एकावर हल्ला झाला तर तो दोघांवर झाला असं मानायचं, हे नववं. या नवव्या कलमावर पहिल्याच वाचनात एकाने हात वर केला.

“सर, जगात राष्ट्रं दोनच आहेत ना? मंग हल्ला कोण करन?”

प्रश्न रास्त होता. प्राचार्यांनी सांगितलं की शत्रू नेहमी संभाव्य असतो. त्यानंतर काही दिवस आमचे विद्यार्थी बी.कॉम.च्या वर्गाकडे संशयाने पाहत असत.

खाणवाल्यांचा राष्ट्राध्यक्ष चिखल्याचा होता. त्याचे वडील तिथल्या भूमिगत खाणीत कामाला. घराणं मूळचं पलीकडचं, मध्य प्रदेशातलं, त्यामुळे त्याच्या मराठीत हिंदी वाटेल तेव्हा येऊन बसायची. धानवाल्यांची राष्ट्राध्यक्ष अड्याळची एक मुलगी होती. पहिल्या वर्षी ती वर्गात पहिली आली, म्हणून प्राचार्यांनी तिला नेमलं. मुलं तिला थट्टेने “राष्ट्रपती बाई” म्हणत आणि ती त्यांना उलटून “बोला प्रजाजन” म्हणे. तहाची चौदाही कलमं वाचलेली ती एकटीच व्यक्ती होती, मला धरून. मी ती लिहिली होती, पण पुन्हा वाचली नव्हती.

कापणी आटोपल्यावर, धान घरात येऊन पडल्यावर, सह्यांचा समारंभ झाला. त्याआधी सभागृह भरणं शक्यच नव्हतं. आमची निम्मी राष्ट्रं धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, विळे घेऊन उभी होती. टेबलावर हिरवं कापड, दोन दौती, दोन टाक. दोघांनी सह्या केल्या, टाकांची अदलाबदल केली. टाळ्या पडल्या त्या बेताच्याच.

त्या दिवशी मुलीचे वडील काही कामाने तालुक्याला आले होते आणि मुलगी कशावर सही करते ते पाहायला पुढच्या बाकावर बसले होते. साधा शेतकरी माणूस, डोक्याला पांढरा दुपट्टा. सह्या झाल्या तरी ते उठेनात. वाट पाहत राहिले. मग त्यांनी मला विचारलं, “झालं का जी?”

“झालं.”

“आन् सुपारी?”

त्यांनी स्वतःच कमरेची चंची सोडली, सुपारी काढली, अडकित्त्याने फोडली आणि एकेक खांड दोन्ही राष्ट्राध्यक्षांच्या हातावर ठेवलं. यावर जी टाळी पडली तिने खिडकीवरची कबुतरं उडाली. चिखल्याच्या मुलाने येऊन त्यांच्या पाया पडून घेतलं. प्राचार्य गहिवरले. दिल्लीला पाठवलेल्या अहवालात त्यांनी याला ‘परराष्ट्र धोरणातील लोकसहभाग’ असं म्हटलं.

अनुसमर्थनाची बैठक मी डिसेंबरच्या मध्यावर ठेवली. दोन्ही सभागृहं मिळून साठ सभासद, दोन तृतीयांश हजर हवेत. आले सात. त्यांतले दोघं परीक्षेचा फॉर्म कुठे मिळतो ते विचारायला आले होते. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावली, तेव्हा पाच आले.

मी दोन्ही राष्ट्राध्यक्षांना बोलावून घेतलं.

“सभासद येत का नाहीत?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मुलगी म्हणाली, “सर, सुपारी फुटली ना?”

“फुटली. मग?”

“मंग आता अजून पास कायले करायचं?”

“ती पद्धत आहे. सह्या राष्ट्राध्यक्ष करतो. पण लोकांच्या सभेने तो करार मान्य करावा लागतो.”

“पण सर, पक्कं झाल्यावर कोणी पुन्हा विचारते का? तसं विचारलं तं समोरच्याले काय वाटन? आपण मोडाले पाहून राहिलो, असं होते. माह्या बाबानं सुपारी फोडली. आता मी सभेत उभी राहू आन् म्हणू, बापा, तुमचं मत काय? घरी काय तोंड दाखवू?”

चिखल्याचा मुलगा म्हणाला, “सही बात आहे सर. जुबान दिली म्हणजे दिली. हात वर करा म्हणता, तं मतलब एखादा हात खाली राहू शकते. तो हात कोणाचा, हे मंग गावभर होईन. कायले आफत?”

मी सहा वर्षं या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत होतो. फ्रान्सची राज्यघटना शिकवली होती. एका सुपारीने ती सगळी घटना बाजूला सारली होती, आणि खरं सांगायचं तर मला त्यांचं म्हणणं पटत होतं. पण मला एस.टी. पकडायची होती.

आणि मग मला ते सुचलं. माझ्या आयुष्यात मला जे काही सुचलं त्यातलं ते सर्वांत चपखल होतं.

“हे बघा,” मी म्हणालो, “सुपारी फुटली म्हणजे लग्न लागलं का?”

“नाही सर.”

“काय झालं?”

“ठरलं.”

“मग लागतं केव्हा?”

“अक्षता पडल्यावर.”

“त्या कोण टाकतं? नवरा-नवरी?”

“सगळे टाकतेत. पाहुणे, गाववाले, सगळे.”

“त्यांना अक्षता हातात दिल्या म्हणजे तुम्ही काय त्यांच्यावर संशय घेता?”

मग मुलीचा चेहरा हळूहळू उजळला. “म्हणजे सर, सही ही सुपारी. आन् हे तुमचं अनुसमर्थन म्हणजे अक्षता.”

“बरोबर!”

“मंग आधी सांगायचं ना, सर,” ती म्हणाली. “आम्ही काय येणार नव्हतो का?”

दुसऱ्या दिवशी साठांपैकी सत्तावन्न जण आले. मागे उभे राहिलेले बी.कॉम.वाले वेगळे. मी मनातल्या मनात पेटी भरायला घेतली होती. हात वर करा, एवढंच म्हणायचं होतं, तेवढ्यात खाणवाल्यांच्या बाकावरून कोणीतरी आवाज दिला, “काय गा, पोरीकडचे पाणी-बिणी पाजतेत का नाही?”

मग राष्ट्रपती बाई उठल्या.

“पोरीकडचे कोण?”

“तुम्ही. धान तुमच्याकडून येते ना दरवर्षी? देणारे पोरीकडचेच राह्यतेत.”

“मॅंगनीज तुमच्याकडून नाही येत का? तुम्हीच पोरीकडचे.”

“अरे वा! हमारी तो वरात आयी है सायकल स्टँडसे!”

पुढचे तीन दिवस दोन सार्वभौम राष्ट्रं वरपक्ष कोण यावर भांडत होती. वधूपक्ष व्हायला कोणी तयार नव्हतं. वधूपक्ष म्हटलं की मानपान आला, वाकणं आलं, रुसवे काढणं आलं. मी परोपरीने सांगितलं की ते केवळ उदाहरण होतं. मुलगी म्हणाली, “उदाहरण तुम्हीच दिलं सर. ते फिट्ट बसून राह्यलं तं आम्ही काय करावं?” शेवटी तिनेच तोड काढली: तांदळाच्या बाबतीत खाणवाले वरपक्ष, मॅंगनीजच्या बाबतीत धानवाले वरपक्ष. असं साटंलोटं गावोगाव होतं, त्यामुळे सगळ्यांना ते एकदम पटलं. पण तोवर नाताळची सुट्टी लागली.

“सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी,” मी जाहीर केलं.

“हो सर,” सगळे एका सुरात म्हणाले. त्या एका सुराने मला सावध करायला हवं होतं.

सुट्टीत मी नागपूरला होतो. माझ्या मुलीला सांगितलं की आता बाबा रोज येणार. तिने जरा विचार करून विचारलं, “मग शनिवारी कोण येणार?” पत्नीने माझं पुस्तकांचं कपाट ठेवायला भिंत रिकामी केली. मी सायकलचे टायर बदलले.

परत आलो तेव्हा जानेवारी लागला होता. संक्रांतीला बारा दिवस होते. सकाळी अकराला सभागृहात गेलो. हिरवं कापड होतं, राष्ट्राध्यक्ष दोघंही होते, सभासद एकही नव्हता.

“आता काय झालं?”

“सर,” मुलगी अगदी हळू आवाजात म्हणाली, एखाद्याला वाईट बातमी सांगावी तशी. “पौष लागला.”

मला काही क्षण अर्थबोध झाला नाही. आणि मग पूर्ण झाला.

“पौषात अक्षता कोण टाकते, सर? माघ लागला की पहिला मुहूर्त. बाबानं पंचांग पाहून ठेवलं आहे.”

माझ्या डोळ्यांसमोर ते सगळं एखाद्या कुलपाच्या कळा बसत जाव्यात तसं बसत गेलं. सुपारीचं कुलूप त्यांनी लावलं होतं. ते मी उघडलं. उघडताना त्याहून मोठं कुलूप स्वतःच्या हाताने लावलं आणि किल्ली पंचांगात ठेवली. माघ लागायला जानेवारीचा शेवट उजाडणार होता. त्या दिवशी नागपूरच्या कॉलेजात माझ्या खुर्चीवर यादीतला दुसरा माणूस बसलेला असणार होता.

मी आवाज चढवला. एकविसाव्या शतकाकडे निघालेल्या देशात, वगैरे म्हणालो. चिखल्याचा मुलगा मध्येच म्हणाला, “सर, हमारे उधर संक्रांतके बाद चलता है. संक्रांत झाली का लग्न सुरू.”

मी त्याच्याकडे तारणहाराकडे पाहावं तसं पाहिलं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मंजुरी, सव्वानऊला सही, साडेनवाची एस.टी., दुपारी नागपूर. जमत होतं. राष्ट्रपती बाईंनी नकारार्थी मान हलवली.

“तुमच्याकडे चालत असन. आमच्याकडे पौष म्हणजे पूर्ण पौष. दोन्ही घरचं पंचांग जमाले पायजे ना, सर?”

मी प्राचार्यांकडे गेलो आणि नियमातून सूट मागितली. ते म्हणाले, “राष्ट्र नाजूक वळणावर असताना महासचिव निघून गेले, हे मी दिल्लीला कोणत्या तोंडाने कळवू?” नागपूरला मुदतवाढीसाठी अर्ज टाकला. पोस्टात टाकतानाच त्याचं उत्तर मला माहीत होतं.

आमच्या कार्यालयातले मोठे बाबू, ज्यांच्या टेबलाच्या खणात कोऱ्या कार्यमुक्ती पत्रांचा गठ्ठा असे, त्यांनी मला चहा पाजला.

“सर, एक सांगू का? नवरदेव मांडवातून पळाला असं पाहिलं आहे. नवरी पळालेली पाहिली. पण भटजी मांडवात अडकला, हे पहिल्यांदाच पाहून राहिलो.”

दिवस एकेक करून गेले. मी तास घ्यायचो, खोलीवर यायचो, उशीवरचा कोंडा झटकायचो. मिलचा पट्टा दिवसभर खडखडत असे. त्या शनिवारी पत्नीला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुम्हाला उपमा द्यायची खोड आहे. एक दिवस भोवेल, असं मी लग्नाआधी म्हटलं होतं.” भिंत मात्र तिने रिकामीच ठेवली.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी दुपारी अड्याळची मुलगी आणि चिखल्याचा मुलगा स्टाफरूमच्या दाराशी आले. मागे वीसेक जण उभे होते.

“सर,” मुलगी म्हणाली, “मोठ्या बाबूंनी सांगितलं तुमच्या चिठ्ठीचं. तुम्ही आम्हाले काहून नाही सांगितलं?”

मी काय सांगणार होतो? महासचिवांना घरी जायचंय, असं?

“आम्ही सगळ्याईले गोळा केलं. आंधळगावची पोरं सायकलीनं येऊन राहिली. बेचाळीस होतेत. आत्ता हात वर करतो, सर. तुमच्यासाठी.”

“पण पौष?”

“पौष आमचा आम्ही पाहू. बाबाले विचारलं मी. बाबा म्हणे, मास्तरची लेक तिकडे आहे तं जाऊ दे. नारळ फोडू, दोष निघते.”

चिखल्याचा मुलगा म्हणाला, “सर, आप चलो. हम संभाल लेंगे.”

ही मुलं माझ्याकडून काय शिकली ते मला सांगता येणार नाही. त्या दुपारी मी त्यांच्याकडून जे शिकलो ते मात्र अजून लक्षात आहे. त्यांच्यासाठी तो नियम खरा होता, आणि तरी ते तो माझ्यासाठी मोडायला सायकलवरून आले होते. मी जवळजवळ धावतच प्राचार्यांना बोलवायला गेलो. खेळाचे सूत्रधार म्हणून ते अध्यक्षस्थानी नसतील तर बैठक वैध होत नव्हती. नियम चार.

प्राचार्य खुर्चीत मागे टेकून बसले होते. मी सांगितलं की बेचाळीस सभासद हजर आहेत, दोन तृतीयांशांहून दोन जास्त, आणि सगळे अनुकूल आहेत. ते उठले, टोपी घेतली, दारापर्यंत आले आणि तिथे थबकले.

“आज तिथी काय आहे?”

“ते ठाऊक नाही, सर. पण सभासद तयार आहेत.”

“तरी पौषच ना?”

“हो. पण त्यांची हरकत नाही.”

त्यांनी टोपी पुन्हा खुंटीला लावली. दार लोटून घेतलं. दिल्लीहून लोकशाही आणणारा, नियम सतरा आणि नियम चार तोंडपाठ असणारा, एम.ए.ला पहिल्या वर्गात आलेला तो माणूस माझ्याजवळ आला आणि कोणी ऐकत नाही ना हे पाहून म्हणाला, “पौषात नको हो. माझ्या धाकटीचं माघात ठरलंय. उगाच घरी काही झालं तर मग मनाला लागून राहतं.”

“पण सर, हा तह आहे. लग्न नाही.”

“ते मला कळतं. पण अक्षता तुम्हीच काढल्यात.”

बाहेर बेचाळीस जण पाऊण तास बसले. मग मी जाऊन त्यांना घरी पाठवलं. मुलीने कारण विचारलं नाही. माझ्याकडे एकदा बघून ती मुलांना म्हणाली, “चला रे, प्रजाजन.” संक्रांतीला कोणीतरी माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर तिळाचे लाडू ठेवून गेलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या कॉलेजचं कार्यालय वेळेवर उघडलं आणि वेळेवर बंद झालं. मी त्या वेळेत संघराज्याची लक्षणं शिकवत होतो.

माघाच्या पहिल्या मुहूर्तावर, सकाळी अकरा वाजून काही मिनिटांनी, तह मंजूर झाला. साठच्या साठ हजर होते. मुलीच्या वडिलांनी पिवळ्या अक्षता आणल्या होत्या. कोणी हात वर केले नाहीत, कोणी मोजले नाहीत. सगळ्यांनी त्या दोन सह्यांवर तांदूळ टाकले आणि बी.कॉम.वाल्यांनीही टाकले. ज्यांच्यापासून संरक्षणासाठी हा सारा खटाटोप होता तेही वऱ्हाडात सामील झाले. चिखल्याच्या मुलाने कुठूनतरी मॅंगनीजचा एक काळा जड दगड आणून टेबलावर ठेवला. दुसऱ्या कलमाची तेवढीच अंमलबजावणी झाली.

मग प्राचार्यांनी सगळ्यांना शांत केलं. मोठ्या बाबूंनी एक कागद पुढे ठेवला. दिल्या शब्दाला जागणं म्हणजे काय ते विद्यार्थ्यांनी पाहावं, असं म्हणून प्राचार्यांनी त्याच टेबलावर, अक्षता बोटाने बाजूला सारून, माझ्या कार्यमुक्तीच्या पत्रावर सही केली. आजपासून मध्यान्होत्तर कार्यमुक्त करण्यात येत आहे. मोठी टाळी पडली. मी पत्र घेतलं. कुठे जायचं ते ठिकाण आता नव्हतं, पण नाकारणं शोभलं नसतं. मोठे बाबू ते माझ्या हातून परत घेत म्हणाले, “राहू द्या सर, फायलीले लावून ठेवतो.”

दुसऱ्या दिवशी अकराला मी नेहमीप्रमाणे तास घेतला.

प्राचार्य जूनमध्ये नागपूरच्या एका मोठ्या कॉलेजात गेले आणि खेळ बंद पडला. मुलगी बी.ए. झाली, आमच्याच तालुक्यात शिक्षिका झाली, लग्नाची पत्रिका द्यायला आली तेव्हा म्हणाली, “सर, फाल्गुनातलं आहे, बिनधास्त या.” चिखल्याचा मुलगा वडिलांच्या खाणीतच लागला, वरच्या ऑफिसात. माझ्या मुलीने तिसरीत ‘माझे वडील’ या निबंधाची सुरुवात ‘माझे वडील शनिवारी असतात’ अशी केली आणि तिला दहापैकी सात गुण मिळाले. नागपूरहून मला पुन्हा पत्र आलं नाही. मीही पुढे फारसे अर्ज केले नाहीत. कपाट शेवटी खोलीवरच ठेवलं.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा वरच्या वेतनश्रेणीसाठी माझी फाईल बाहेर निघाली. मोठे बाबू निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी एक तरुण, फार काटेकोर बाबू आले होते. त्यांनी मला बोलावून घेतलं. टेबलावर माझं सेवापुस्तक उघडं होतं आणि त्याच्या शेजारी एक पिवळा पडलेला कागद. कागदाच्या घडीत तांदळाचे दोन दाणे अडकले होते.

“सर, तुमचं काम होत नाही,” ते म्हणाले. “कागदावर तं तुम्ही इथून गेले आहे.”

“कधी?”

त्यांनी कागद उजेडात धरला.

“दहा वर्षं झाले. मध्यान्होत्तर.”